पदवीनंतरची नोकरी नोंदवहीत अडते

‘जीवशास्त्रानंतर पुढे काय?’ हा करिअर पुरवणीतील लेख वाचला. संशोधन आणि अध्यापनावर त्यात भरपूर आहे. औषधनिर्मितीतील गुणवत्ता नियंत्रण विभाग मात्र एका ओळीत उरकला आहे. नुसत्या पदवीवर काम मिळू शकते ते तिथे. तिथे नव्या पदवीधरांची गाडी अडते साध्या गोष्टींवर. २० ते २०० मायक्रोलिटरच्या पिपेटने (थेंबभर द्रव मोजून घेण्याच्या उपकरणाने) ५ मायक्रोलिटर मोजायला जाणे ही एक. दुसरी, नोंदवहीतला चुकलेला आकडा गिरवणे. तो एकाच रेषेने, मूळ आकडा वाचता येईल असा खोडायचा आणि शेजारी सही-तारीख घालायची. नाहीतर तपासणीत औषधाच्या अख्ख्या बॅचच्या नोंदींवर शंका येते. कॉलेजात प्रात्यक्षिकाची वही मात्र आपण प्राध्यापक ‘खाडाखोड नको, पान पुन्हा लिहा’ म्हणूनच तपासतो! ही सवय पहिल्या वर्षापासून बदलावी.

– जीवशास्त्राचे एक प्राध्यापक