स्वातंत्र्याचा रकाना कोठे आहे?

महोदय,

'मोकळे आयुष्य' हवे म्हणून परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या माझ्या मुलासोबत कॉलेज रोडवरील एका सल्लागाराकडे गेलो असता, मुलापुढे पगार, कर आणि व्हिसा अशा तीनच रकान्यांचा कागद ठेवण्यात आला. (शुल्काची पावती मात्र तत्परतेने मिळाली.) दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही हे खरे, पण तेथे राजकीय पक्षांनाच परवानगी नाही, हे कोणी सांगितले नाही. सिंगापूरमध्ये पालकांमार्फत कायम निवास मिळालेल्या मुलग्यांना साधारण २ वर्षे सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते. कॅनडात कायम रहिवाशाला ५ वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि संसदेसाठी मतदानाचा हक्क नागरिक झाल्यावरच मिळतो. परंतु दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे मान्य नसल्याने त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळू शकणाऱ्या 'ओसीआय' (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या) कार्डाच्या धारकाला येथे मतदान करता येत नाही, की शेतजमीन विकत घेता येत नाही. दिंडोरीची आमची द्राक्षबाग मुलाला वारशाने मिळेल, पण बांधापलीकडचा एक गुंठाही त्याला जोडता येणार नाही, हे कळल्यावर त्याने तो कागद मुकाट्याने घडी घालून खिशात ठेवला. सल्लागारांनी ही माहिती शुल्क घेण्यापूर्वीच लेखी द्यावी.

– एक पालक, नाशिक