अफगाण विद्यार्थिनींना भारतात शिकू द्या : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

काबूलमधील आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला, तो व्यवहाराला धरूनच आहे. मात्र हे नाते केवळ राज्यकर्त्यांच्या बैठकांवर सोडून चालणार नाही.

आम्हा मराठी माणसांना अफगाण म्हटले की आधी १७६१ चे पानिपत आणि अब्दाली आठवतो. ते स्वाभाविक असले तरी तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. राजा महेंद्र प्रताप यांनी १९१५ साली हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन केले ते काबूलमध्येच. मुक्या-बहिऱ्या पठाणाच्या वेशात निघालेले सुभाषबाबू १९४१ च्या आरंभी तिथे पोहोचले, तेव्हा इटलीचा पासपोर्ट हाती येईपर्यंत उत्तमचंद मल्होत्रा या काबूलमधल्या भारतीय दुकानदाराने त्यांना, घरादारावर संकट ओढवून घेत, आपल्या घरी लपवले. हेरात प्रांतात हरिरूद नदीवर भारताने बांधलेले सलमा धरण २०१६ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर राजवट बदलली, धरण जागेवरच आहे.

पुण्याच्या महाविद्यालयांत अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले, त्यांतले अनेक भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. परंतु २५ ऑगस्ट २०२१ रोजी अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द झाले आणि करोनाकाळात मायदेशी गेलेले कितीतरी विद्यार्थी पदवी अर्धवट टाकून तिकडेच अडकले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांचीही दारे बंद केली.

म्हणून विनंती अशी की, शिष्यवृत्तीच्या काही जागा प्रत्यक्ष वर्गात येऊन शिकणाऱ्या अफगाण मुलींसाठी राखून ठेवाव्यात. पुरुष नातेवाईक सोबत नसेल तर तिथल्या स्त्रीला दूरचा प्रवास करता येत नाही, तेव्हा तिच्याबरोबर येणाऱ्या वडिलांना वा भावालाही व्हिसा द्यावा. ज्या मुली आधीच इराणमध्ये आश्रयाला गेल्या आहेत, त्यांचे अर्ज आपल्या तेहरानच्या दूतावासाने स्वीकारावेत, आणि काबूलच्या शिक्क्याअभावी कोणाची गुणपत्रिका अडवून ठेवू नये.

सुरक्षा तपासणी अवश्य व्हावी. फक्त तिला मुदत असावी, कारण प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. व्हिसाचा विषय गृह मंत्रालयाच्याही अखत्यारीत येत असल्याने या पत्राची एक प्रत तिकडे पाठवीत आहे.

आपली नम्र,
पुण्यातील एक निवृत्त प्राध्यापिका