पीएचडीची मुलं काय शोधतायत ते आम्हालाही कळू दे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएचडी मिळाल्याची बातमी तुमच्या पेपरात नेहमी येते. फोटो, गाईडचं नाव, प्रबंधाचं दोन ओळींचं इंग्रजी शीर्षक आणि खाली अभिनंदन, संपलं. त्या मुलीनं चार-पाच वर्षं लॅबमध्ये बसून नेमकं काय शोधलं ते वाचणाऱ्याला कळतच नाही, आणि विषय आजाराचा असला तर हे मला फार खटकतं, कारण आजार आमचे, रक्ताचे नमुने आमचे, आणि उत्तर मात्र आमच्यापर्यंत येत नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. काजूची बागायत आहे. इकडे थंडीच्या दिवसांत मुलं-मुली यायची, पांढरं कापड पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायची, चार पावलं गेली की थांबून कापड उलटं करायचं आणि त्याला चिकटलेल्या खसखशीएवढ्या गोचिडी चिमट्यानं उचलून बाटलीत टाकायच्या. लोक बघायचे आणि निघून जायचे, कोणी विचारलंच तर "सॅम्पल घेतो" एवढंच उत्तर. खरं तर त्या कापडातच सगळी गोष्ट आहे. माकडतापाचा विषाणू १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, आमच्या सत्तरीत तो २०१५ साली आला, आणि माणसाला तो मुख्यतः गोचीड चावून होतो. गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात दबा धरून असतात आणि जवळून जाईल त्याला चिकटतात, म्हणून कापड ओढायचं. आणि त्यांचा जोराचा काळ म्हणजे नेमका आमचा बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचा सीझन. हे बायकांना कोणी नीट सांगितलं असतं तर गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायला दिलेलं तेल घरात तसंच पडून राहिलं नसतं.

यात पीएचडीवाल्यांना कितीतरी प्रश्न आहेत. काहींचा ताप उतरतो, माणूस उठून कामाला लागतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप पुन्हा उलटतो, तेव्हा डोकं भयंकर दुखतं, भ्रम होतो. सगळ्यांना असं का होत नाही, शरीरात तेव्हा काय चाललेलं असतं, यावर कोणी तरी आयुष्याची पाच वर्षं घालवत असेल तर मला ते वाचायचंय.

मलेरियाचंही तसंच. ऐंशीच्या दशकात पणजीत बांधकामं वाढली, साठलेल्या पाण्यात डास झाले आणि ताप पसरला, हे जुन्या लोकांना आठवत असेल. आता केसेस खूप कमी झाल्यात म्हणून विषय संपला असं वाटतं पण विवॅक्स जातीचा जंतू लिव्हरमध्ये महिनोन् महिने झोपून राहतो आणि मग उठतो, म्हणून तर त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायच्या असतात, ताप गेला म्हणून मध्येच सोडायच्या नसतात. त्याला जागं कोण करतं हे अजून नीट उलगडलेलं नाही. दुसरा फाल्सिपॅरम, तो १९७६ पासून लॅबमध्ये सलग वाढवता येतो, विवॅक्स तसा वाढवता येत नाही, तो अगदी कोवळ्या लाल पेशीच शोधतो. म्हणजे त्यावर काम करणाऱ्याला पेशंटच्या ताज्या रक्तावर अवलंबून राहावं लागतं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, आपल्या हातातून काढलेलं थोडं जास्तीचं रक्त कुठं जातं आणि का जातं, हे कळलं तर लोक आनंदानं देतील, नाही तर संशय घेतातच.

मधुमेहावर काम करणारीही मुलं असतील. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत गोव्याचा आकडा २६.४ टक्के निघाला, देशात सगळ्यात जास्त. त्यांचं काम तर प्रत्येक घरात वाचलं जाईल.

प्रबंध शोधगंगा नावाच्या वेबसाइटवर असतात, मान्य, पण ते इंग्रजीत आणि जाणकारांसाठी. घरी आलेले पाहुणे त्या मुलांना "औषध सापडलं का" एवढंच विचारतात आणि ती बिचारी गप्प बसतात, कारण त्यांचा प्रश्न औषधाच्या खूप अलीकडचा असतो, आणि तो सोडवल्याशिवाय औषधाकडे जाताच येत नाही. हे सांगायला त्यांना जागा कुठाय?

म्हणून एक मागणी. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या. ताळगावचं गोवा विद्यापीठ, बिट्स कॉलेज, गोमेकॉ, जिथं जिथं आजारांवर पीएचडी चालू आहे तिथल्या एका विद्यार्थ्यानं दर आठवड्याला साध्या मराठीत लिहावं, माझा प्रश्न काय, मी रोज हातानं काय करतो, आतापर्यंत काय दिसलं आणि काय फसलं. फसलेलंही लिहावं, त्यातनंच काम कसं चालतं ते कळतं. गाईड लोकांनी मुलांना यासाठी वेळ द्यावा, ते थिसिसमध्ये मोजलं जात नसलं तरी. आणि ज्या गावातून नमुने नेले तिथल्या पंचायतीत आणि आरोग्य केंद्रात त्या लेखाची एक प्रत लावावी.

पहिला लेख माकडतापावर घ्या आणि डिसेंबरात छापा. जानेवारीपासून आमची माणसं पाचोळ्यात उतरतात.

आपला,
एक काजू बागायतदार, सत्तरी