कॅशिअर्स चेकविषयी दिलेल्या चुकीच्या सल्ल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
परदेश स्थलांतर मार्गदर्शन सेवा, पुणे.

विषय: आपल्या सल्ल्यामुळे झालेले 1,500 डॉलरचे नुकसान व पुस्तिकेतील चुकीची माहिती

महोदय,

न्यू जर्सीला येताना मी आपली सशुल्क मार्गदर्शन सेवा घेतली. येथे जुनी मोटार विकताना खरेदीदाराने ठरलेल्या 3,900 डॉलरऐवजी 5,400 डॉलरचा कॅशिअर्स चेक पाठवला आणि वरची रक्कम वाहतूकदाराला वायरने (बँकेतून थेट हस्तांतराने) पाठवण्यास सांगितले, तेव्हा मी आपल्या सल्लागारांना ईमेलवर विचारणा केली. “हा चेक आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखाच असतो, बँकेने स्वतःवरच काढलेला असल्याने तो वटणारच, खात्यात रक्कम दिसली की निर्धास्तपणे पुढे पाठवा,” असे त्यांचे लेखी उत्तर आहे. रक्कम दिसल्यावर मी त्याप्रमाणे 1,500 डॉलर पाठवले. पुढे चेक बनावट निघाला आणि बँकेने 5,400 डॉलर माझ्या खात्यातून वळते करून घेतले.

बँकेच्या हमीविषयीचे विधान खऱ्या चेकपुरते बरोबर आहे, परंतु बनावट चेकवर छापलेल्या बँकेने तो काढलेलाच नसतो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या रेग्युलेशन सीसी या नियमानुसार खातेदाराने काउंटरवर स्वतः भरलेल्या कॅशिअर्स चेकची रक्कम बँकेला सहसा पुढच्याच कामकाजाच्या दिवशी वापरासाठी खुली करावी लागते (मोठ्या भरण्यात 6,725 डॉलरच्या वरचा भाग तिला रोखून ठेवता येतो). रक्कम खुली झाली म्हणजे चेक वटला असे मात्र नव्हे. बनावटपणा उघडकीस यायला कधी कधी आठवडे लागतात आणि तोवर काढलेल्या पैशांची भरपाई चेक भरणाऱ्यालाच करावी लागते. जास्तीची रक्कम पाठवून फरक परत मागणे ही तर फसवणुकीची जुनी रीत असून फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहक संरक्षणाचे काम करणारी सरकारी संस्था तिच्याविषयी वर्षानुवर्षे सावध करत आली आहे.

आपल्या पुस्तिकेत यातले काहीही नाही. चेक काढणाऱ्या बँकेला फोन करताना क्रमांक चेकवरून न घेता एफडीआयसीच्या (बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) यादीतून त्या बँकेचे अधिकृत संकेतस्थळ गाठून घ्यावा, किंवा खरेदीदाराबरोबर शाखेत जाऊन चेक आपल्यासमोर काढून घ्यावा, एवढे लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्याऐवजी वॉटरमार्कच्या वर्णनाला अर्धे पान दिले आहे, जणू तो ठकांना छापता येतच नाही! चेक हरवल्यास साध्या चेकप्रमाणे ‘स्टॉप पेमेंट’ करावे (पैसे न देण्याची सूचना बँकेला द्यावी), हे पुस्तिकेतील सांगणेही चुकीचे आहे. बँकेला चेक हरवल्याचे लेखी घोषणापत्र द्यावे लागते आणि पैसे परत मिळण्यासाठी चेकच्या तारखेपासून 90 दिवस थांबावे लागू शकते.

तरी माझे 1,500 डॉलर व सेवाशुल्क परत करावे, ते पान मागे घ्यावे आणि पुस्तिका घेतलेल्या सर्व ग्राहकांना दुरुस्ती ईमेलने कळवावी. सल्लागारांचे उत्तर, बँकेची नोटीस आणि वायरची पावती सोबत जोडली आहे. आपले उत्तर लेखी स्वरूपातच मिळावे.

आपला,
(स्वाक्षरी)