अपडेटआधीच सांगा, कोणते अ‍ॅप बंद पडणार

फोन अपडेट ठेवा, असे बँका सांगतात आणि ते योग्यच आहे. पण अपडेटनंतर बँकेचेच अ‍ॅप बंद पडले तर दाद कोणाकडे मागायची? माझ्या निवृत्त वडिलांच्या फोनवर सध्या अ‍ॅप उघडले की क्षणभर पांढरा पडदा येतो आणि ते आपोआप बंद होते. बँक फोनकडे बोट दाखवते, फोनवाले बँकेकडे. पेन्शन जमा झाली की नाही, हे पाहायला वडिलांना पासबुक घेऊन रांगेत उभे राहावे लागते.

फोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची चाचणी-प्रत गुगल आणि अ‍ॅपल काही महिने आधीच खुली करतात. तेवढ्या काळात बँकेला स्वतःचे अ‍ॅप तपासता येत नाही, हे पटत नाही. २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस ११ या सॉफ्टवेअरने ३२-बिटची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवलेली अ‍ॅप बंद केली, तेव्हा आधीच्या १०.३ आवृत्तीत अशा अ‍ॅपची यादी सेटिंगमध्ये दिसत होती. मग आज ‘इन्स्टॉल करा’ म्हणण्याआधी तशी यादी का दाखवत नाहीत? एकदा अपडेट झाले की जुन्या आवृत्तीवर परतणे सामान्य माणसाच्या हाती नसते. अशा तक्रारी किती दिवसांत सोडवायच्या, याची मुदत रिझर्व्ह बँकेने बँकांना घालून द्यावी.

– एक वाचक, कराड