पंधरा मिनिटं माग बंद ठेवणाऱ्या अण्णांना

अण्णा, हे तुमच्या नातीनं तुम्हाला वाचून दाखवावं. तुम्ही स्वतः मोबाइल हातात धरणार नाही, माहीत आहे मला.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या कारखान्यात मी शिरले तेव्हा बगलेत माझ्या शिल्पासाठीचा पितळेचा चौकोनी पत्रा होता आणि रडू यायचंच बाकी होतं. त्याआधी दोन दारं झाली होती. एका वर्कशॉपनं ॲडव्हान्स घेऊन पत्र्याला मधोमध भोक पाडून दिलं, पत्रा घरघरतो म्हटल्यावर "त्यात काय पाणी प्यायचंय का?" म्हणून वाटेला लावलं. एका संस्थेत शिल्पवाल्यांनी विज्ञानाकडे पाठवलं, विज्ञानवाल्यांनी परत शिल्पाकडे. मधल्या जिन्यात सल्ले मात्र भरपूर मिळाले.

तुम्हाला घाईत सांगितलं होतं ते आता नीट सांगते. क्लाडनी नावाच्या जर्मन माणसानं १७८७ साली हे छापलं. पत्र्यावर वाळू भुरभुरायची, कडेला व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा थरथरतो आणि जिथं थरथर नसते त्या रेषांवर वाळू जाऊन बसते. सूर बदलला की नक्षी बदलते. नेपोलियननं हे पाहिलं आणि पुढं यामागच्या गणितासाठी पॅरिसमध्ये बक्षीस लागलं. सोफी जेर्मेन या बाईंना ते १८१६ साली मिळालं, तेही तिसऱ्या खेपेला. तुमचं दारही माझं तिसरंच.

माझी वाळू नुसतीच उडत होती. मागांच्या खडखडाटात मी ओरडून सांगत होते आणि तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होता. (तुमच्याकडे सगळेच ओठ वाचतात, हे नंतर कळलं.) मग तुम्ही हात वर केलात. "बंद करा की ओ जरा. पोरीचा पत्रा काय म्हणतोय ऐकू द्या."

आठही माग थांबले. त्या शांततेत एक जण सवयीनं ओरडलाच, "चहा आला का?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. कान पत्र्याजवळ नेऊन तीनदा गज ओढायला लावलात आणि मधल्या नटावर बोट ठेवलंत. "हितं बोलतंय बघ. सैल हाय." सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून घातलात. कोपऱ्यावर बोट तुम्हीच टेकवलंत, मी बाजूच्या मध्यावर गज ओढला, आणि वाळू सरसरत जाऊन कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरक्या रेषा उमटल्या.

नगावर मजुरी असते तिथं पंधरा मिनिटं म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. ती कुणाच्या हिशेबात धरलीत, मी विचारलं नाही. पैसे काढले तर "ठेव" एवढंच म्हणालात. वायसर काय, कुणीही दिला असता. चालतं काम थांबवून दुसऱ्याचं ऐकून घेणारी माणसं मला फार कमी भेटली, आणि जी भेटली त्यांच्या नावाची पाटी कुठं दिसली नाही.

शिल्पात आता तेच ठेवलंय. आधी तुमच्या आठ मागांचा रेकॉर्ड केलेला आवाज, मग तो एकदम बंद, आणि मग गज. काळा वायसर पितळेवर विद्रूप दिसतो, असं परवा एका जाणकारानं सांगितलं. मी काढणार नाही.