खायच्या सोड्याची पुडी

लंडन,
येळवशीनंतरचा (वेळ अमावास्येनंतरचा) रविवार

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओवर धाकटीचा चेहरा पाहिला आणि मला रात्रभर झोप आली नाही. गालांवर लाल चट्टे, आणि ती म्हणते, "काही नाही गं ताई, सोडा आणि लिंबू लावलं होतं." मी रागावले, ती रुसली, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहिते. तिला जवळ बसवून वाचून दाखव.

आपल्या फडताळातली ती खायच्या सोड्याची पुडी लई गुणाची आहे. पण तिचं काम भांड्यांत, तोंडावर नाही. आपली कातडी मुळात थोडी आंबट असते, तिचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (pH), पाचाच्या आसपास; आकडा जितका कमी तितकं आंबट. सोड्याच्या पाण्याचा आठाच्या वर. ते अंगावर घासलं की कातडीचं राखण करणारा थर मोडतो, मग कोरडेपणा आणि आग. लिंबू तर पार दुसऱ्या टोकाला, सामू दोनच्या जवळ, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर डाग पडतात ते वेगळंच. दोन्ही एकत्र केल्यावर फेस येतो तेव्हा मळ निघतोय असं तिला वाटलं असेल. तो फेस म्हणजे नुसता वायू, भज्यांचं पीठ फुगवतो तोच. फेस बसल्यावर दोन्हींतलं जे जास्तीचं उरतं ते गालाला झोंबतं.

इथं आले त्या वर्षी मीही सोड्यानं केस धुवायचे. महिनाभरात केस राठ झाले, विंचरताना तुटायला लागले. तुला तेव्हा सांगितलं नाही, काळजी करशील म्हणून.

तिला काही लावायचंच असेल तर घरात डाळीचं पीठ आहे की. दिवाळीच्या पहाटे आजी त्यात साय आणि चिमूटभर हळद कालवायची, तेच. पण आधी चट्टे जाऊ देत. तोवर साधं गार पाणी, दुसरं काही नाही. चार दिवसांत उतरले नाहीत तर लातूरला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

आता सोड्याचं खरं काम सांगते. परवा येळवशीला मी इथल्या स्वयंपाकघरात भज्जी, आपली डाळीचं पीठ लावलेली मिसळीची भाजी, केली. शेत नाही, कडब्याची कोप नाही, आंबिलीचं मडकं नाही, तरी वास आपल्या घरचाच सुटला होता. तुझ्याशी फोनवर बोलता बोलता डाळीचं पीठ बुडाला लागलं आणि स्टीलचं पातेलं काळंकुट्ट झालं. मग त्यात बोटभर पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळलं आणि रात्रभर ठेवून दिलं. सकाळी लाकडी उलथन्यानं सगळी खपली निघाली. घासणं नाही, सतरा वेळा विसळणं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, तेव्हा तू भांडी राखेनं घासून एका तांब्यात विसळायचीस. मला पातेलं धुताना दर वेळी तेच आठवतं.

चहानं तांबूस झालेल्या थर्मासलाही हेच कर. चमचाभर सोडा, वर कढत पाणी, अर्धा तास. फ्रिजमध्ये उघड्या वाटीत ठेवला तर वासही ओढून घेतो. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भांड्यांना मात्र लावू नकोस, ती काळी पडतात.

बोअरच्या पाण्यानं नळावर पांढरा थर धरतो ना, तो सोड्यानं हलत नाही. लंडनचं पाणीही तसंच जड आहे, माझ्या चहाच्या किटलीत तोच क्षार बसतो. त्याला आंबटच लागतं. मी लिंबाच्या पाण्यात किटली उकळते, तू नळावर लिंबाची फोड घास. देवाच्या तांब्या-पितळेला चिंच आहेच. फक्त आंबट आणि सोडा एकत्र करू नकोस, दोघं एकमेकांना मारतात आणि हातात खारं पाणी उरतं.

आणि आई, धुण्याचा सोडा त्याच फळीवर असतो ना? दोन्ही पांढरे. तो फार तिखट आहे, हात सोलतो, पोटात गेला तर घात होईल. आज पत्र वाचून झालं की तो मोरीजवळच्या उंच कोनाड्यात ठेव आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिही. दादाची लेकरं आता हात पोचेल तिथलं सगळं उघडतात.

धाकटीला सांग, ताई रागावलेली नाही. उद्या सकाळच्या उजेडात तिच्या गालांचा फोटो पाठव.

तुझी,
थोरली